सवयीला जागा लागते

सकाळी घरातून निघताना पाण्याची बाटली भरून घ्यायची आणि संध्याकाळी ती जवळपास तशीच परत आणायची, ही महाराष्ट्रातल्या असंख्य कामकरी बायकांची रोजची रीत आहे. एसटीच्या वाहक, बंदोबस्तावरच्या पोलीस, मंडईत पहाटेपासून बसलेल्या भाजीवाल्या, घरोघर फिरणाऱ्या आशाताई, कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली. पाणी भरपूर प्यावं हे त्यांच्यापैकी प्रत्येकीला ठाऊक असतं. शाळेत शिकवलेलं असतं, डॉक्टरांनी बजावलेलं असतं, मोबाइलवर तर रोज कुणी ना कुणी सांगतच असतं. तरीही त्या पीत नाहीत, कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि जायला जागा नसते. जागा असली तर दाराला कडी नसते. कडी असली तर आत पाणी नसतं. दोन्ही असलं तर बाहेर बसलेल्या माणसाच्या हातावर पैसे ठेवावे लागतात, आणि दिवसाला दोन-तीनशे रुपये सुटणाऱ्या बाईला ते पैसे मोजावे लागतात.

आरोग्याच्या चांगल्या सवयींवर आपल्याकडे वर्षभर बोललं जातं. पाणी प्या, चाला, मीठ कमी करा, रात्री दात घासा, गोळी चुकवू नका, वेळेवर झोपा. यादी सगळ्यांना पाठ आहे. ती पाळली जात नाही म्हटल्यावर दोष ठरलेला असतो: आळस, बेफिकिरी, मनाचा कमकुवतपणा. हा निकाल फार घाईचा आहे आणि पुष्कळदा अन्यायाचाही आहे. लोकांना नकोशा वाटणाऱ्या, सुरू होऊन महिन्याभरात सुटणाऱ्या सवयी एकेक करून पाहिल्या, तर जवळपास प्रत्येकीच्या मुळाशी एक साधी अडचण सापडते. त्या सवयीला त्या माणसाच्या दिवसात, घरात किंवा गावात जागाच नसते. ती जागा करून देणं हे एकट्या माणसाचं काम नाही. घराचं, कामाच्या ठिकाणाचं आणि सरकारचंही ते काम आहे.

तहान मारण्याची सवय

शरीराला पाणी कमी पडलं की मूत्रपिंड आहे तेवढं पाणी राखून ठेवतं. लघवी दाट आणि गडद होते. दाट लघवीत क्षार साचून मुतखड्याचे कण तयार व्हायला वाव मिळतो. लघवी तासन्‌तास रोखून धरली की मूत्राशयातले जंतू बाहेर टाकले जात नाहीत आणि संसर्गाची शक्यता वाढते. बायकांची मूत्रनलिका आखूड असल्यामुळे हा धोका त्यांना पुरुषांपेक्षा जास्त. उन्हाळी लागणं, ओटीपोटात दुखणं, थंडी वाजून ताप येणं या तक्रारी घेऊन येणाऱ्या कामकरी बायकांना डॉक्टर औषध देतात आणि सोबत ‘पाणी वाढवा’ असं सांगतात. औषध आठवडाभरात संपतं. पाणी वाढत नाही, कारण कामाची जागा तीच असते.

किती पाणी प्यावं याचा सगळ्यांना लागू पडेल असा ग्लासांचा हिशेब सांगता येत नाही. ऊन, मेहनत, वय, आजार यांप्रमाणे गरज बदलते. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर उलट पाणी मोजूनच प्यायला सांगतात. निरोगी माणसाला एक सोपी खूण पुरते: लघवी फिकट पिवळी असावी. गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. उसाच्या फडात, वीटभट्टीवर, बांधकामावर, म्हणजे जिथे घाम सर्वांत जास्त गळतो तिथेच बायकांसाठी आडोसा सर्वांत कमी असतो. मासिक पाळीच्या दिवसांत ही कोंडी दुप्पट होते.

मुंबईत २०११ साली काही संस्था आणि कार्यकर्त्या एकत्र आल्या आणि त्यांनी हा प्रश्न रस्त्यावर आणला. ‘राइट टू पी’ या नावाने ती मोहीम ओळखली जाते. पुरुषांच्या मुताऱ्या मोफत आणि बायकांकडून मात्र पैसे, हा उघड भेद त्यांनी मोजमापासह मांडला. बायकांसाठी मोफत, स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्या हव्यात ही मागणी ऐकून सुरुवातीला अनेकांना हसू आलं होतं, कारण या विषयावर चारचौघांत बोलण्याचीच सवय नव्हती. पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने हाच प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे नेला. २०१५च्या डिसेंबरात न्यायालयाने महापालिकांना रस्त्यांवर आणि सार्वजनिक जागी बायकांसाठी स्वच्छतागृहं उभारण्याचे आदेश दिले. पाणी पिण्यासारख्या साध्या गोष्टीसाठी बायकांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे लक्षात घेतलं तर ‘तुम्ही पाणीच पीत नाही’ हा ठपका तोंडातून निघणार नाही.

एकवीस दिवसांची गोष्ट

कुठलीही सवय एकवीस दिवसांत लागते, असं आपल्याकडे व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून सर्रास सांगितलं जातं. या आकड्याचं मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘निदान’ गळून पडलं आणि चेहऱ्याची बाब व्यायाम, आहार, झोप अशा सगळ्यांना लागू केली गेली.

प्रत्यक्ष मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा अभ्यास २०१०च्या सुमारास प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय निवडली आणि ती रोज एका ठरावीक प्रसंगाला बांधली: दुपारच्या जेवणासोबत, न्याहारीनंतर, रात्रीच्या जेवणाआधी. बारा आठवडे त्यांनी नोंदी ठेवल्या. न आठवता, न ठरवता ती गोष्ट आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांत अंतर प्रचंड होतं. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत नोंदींवरून पुढे बांधलेला अंदाज २५४ दिवसांवर गेला. पाण्याचा ग्लास पिण्यासारखी साधी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ लागला.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी घरोघर पोचायला हव्यात. पहिली अशी की एखादा दिवस चुकला म्हणून लागत आलेली सवय मोडत नाही. बाविसाव्या दिवशी जमलं नाही म्हणून ‘आपल्याच्याने होणार नाही’ असं ठरवून सोडून देणारी माणसं विनाकारण हरतात. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. सवय लागते ती एका प्रसंगाला टेकून. ‘रोज पाणी जास्त पिईन’ हा संकल्प हवेत राहतो, ‘दुपारच्या जेवणाला बसताना आधी तांब्याभर पाणी पिईन’ हा टिकतो. आपल्या घरांना हे नवं नाही. बाहेरून आल्यावर पाय धुणं, दिवेलागणीला शुभंकरोती म्हणणं, आंघोळीनंतर तुळशीला पाणी घालणं या गोष्टी आठवण करून द्यायला कुणी गजर लावला नव्हता. प्रसंग ठरलेला होता, जागा ठरलेली होती आणि घरातलं प्रत्येक माणूस तेच करत होतं.

मिश्री काय शिकवते

चांगली सवय का लागत नाही हे समजून घ्यायचं तर घट्ट बसलेली वाईट सवय जवळून पाहावी. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत, शहरांच्या वस्त्यांमध्ये अनेक बायका आजही मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, तिची पूड करायची, डबीत भरून ठेवायची आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायची. दात साफ करायला म्हणून सुरू झालेली मिश्री दिवसातून चार-पाच वेळाही लावली जाते. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते, पण धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, म्हणजे दर चारांमागे जवळपास एक. त्यात मिश्रीही आली. तंबाखू भाजली म्हणून तिच्यातले कर्करोगाला कारण ठरणारे घटक नाहीसे होत नाहीत, आणि गरोदर बाईच्या तोंडातून ती बाळापर्यंतही पोचते.

मिश्री इतकी घट्ट का बसते? निकोटीनची ओढ हे मुख्य कारण आहेच. पण बाकीची व्यवस्थाही पाहावी. ती स्वस्त आहे. डबी हाताशी असते, कनवटीला किंवा चुलीजवळ. पहाटे उठल्याबरोबरची वेळ ठरलेली आहे, आणि मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही अशी पक्की समजूत तिच्या पाठीशी आहे. सासू-सुना, शेजारणी ओट्यावर बसून सोबत लावतात, दिवसातले तेवढेच चार निवांत क्षण त्यांच्या वाट्याला येतात. तंबाखू लावणाऱ्या बाईला कुणी उनाड म्हणत नाही, कारण ती दात घासत असते. वेळ, जागा, सोबत, सुख आणि समाजाची मान्यता असं सगळं मिश्रीला एकाच ठिकाणी मिळालेलं आहे.

आता याच्या शेजारी रात्री दात घासण्याची सवय ठेवून पाहू. दंतवैद्य कळकळीने सांगतात की दिवसातून दोनदा फ्लोराइड असलेल्या पेस्टने दात घासा आणि त्यात रात्रीची वेळ चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांत अडकलेल्या अन्नावर जंतूंना रात्रभर मोकळं रान मिळतं. सल्ला बिनचूक आहे. पण रात्री घरातली बाई शेवटचं भांडं घासून, विरजण लावून, ओटा पुसून अंग टाकते तेव्हा तिच्यात त्राण उरलेलं नसतं. ज्या घरांत हे जमलं आहे तिथली युक्ती साधी आहे. झोपताना घासायचं म्हटलं की राहतं, म्हणून मुलांसह सगळ्यांनी जेवण होताच थोड्या वेळाने घासायचं आणि मग रात्री तोंडात पाण्याशिवाय काही घालायचं नाही. वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे ओढली आणि सोबत मिळाली, एवढ्यावर सवय उभी राहते.

पायऱ्या चढणारा वाहक

व्यायामाच्या शास्त्रातला एक पायाभूत अभ्यास बसमध्ये झाला. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली आणि १९५३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. दोघांचं वर्तुळ एकच, पगारात फार फरक नाही, पण दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा तिकिटं फाडत वरखाली पायऱ्या चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. चालक मुळातच जाड अंगाचे होते, हे मॉरिस यांनीच पुढे दाखवून दिलं आणि स्वतःच्या निष्कर्षाला पुन्हा तपासणीला लावलं. नंतरच्या असंख्य अभ्यासांनी हालचालीचं महत्त्व पक्कं केलं. या वाहकांची मला महत्त्वाची वाटणारी बाब अशी की त्यांच्यापैकी कुणी व्यायामाचा संकल्प केला नव्हता. पायऱ्या त्यांच्या कामातच होत्या.

आज नेमकी उलटी स्थिती आहे. कामातून हालचाल गेली आणि ती वेगळा वेळ काढून, वेगळ्या कपड्यांत, वेगळ्या जागी जाऊन करण्याची गोष्ट झाली. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२मध्ये भारतातल्या निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर बायकांत ५७ टक्के होतं. ‘पुरेशी’ म्हणजे काय, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला किमान १५० मिनिटं, दम थोडा वाढेल पण बोलता येईल अशा गतीची हालचाल. दिवसाला जेमतेम वीस-बावीस मिनिटं.

वीस मिनिटं कुणाकडे नसतात, असं विचारणं सोपं आहे. घरकामात, ऑफिसात आणि लोकलच्या गर्दीत दिवस संपवणाऱ्या बाईकडे ती खरोखरच नसतात. असली तरी चालायचं कुठे? पुण्यात तळजाई, वेताळ टेकडी, कोल्हापुरात रंकाळा, मुंबईत शिवाजी पार्क, नागपुरात अंबाझरी, ज्यांच्या घराजवळ असं काही आहे ती माणसं नशीबवान. बाकीच्यांना मिळतात उखडलेले पदपथ, त्यावर लावलेल्या दुचाक्या, भटकी कुत्री आणि बंद पडलेले दिवे. खेड्यात आणखी वेगळी अडचण. शेतावर जाणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही, पण तीच बाई हातात काही न घेता रस्त्याने नुसती चालत निघाली तर गाव विचारतं, ‘कुठं निघालीस?’ या प्रश्नाला ‘फिरायला’ हे उत्तर अनेक गावांत अजून चालत नाही. पाच-सहा जणी मिळून निघाल्या की मात्र प्रश्न विरतो, म्हणून बचतगटाच्या किंवा भजनी मंडळाच्या सोबतीने चालणाऱ्या बायका टिकून राहतात.

दहा हजार पावलांचा धाकही कमी करायला हवा. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून पसरला. सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १७ हजार अमेरिकी बायकांचा अभ्यास आय-मिन ली यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्या बायकांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा स्थिरावला. गुडघे धरलेल्या आजीला ‘दहा हजार’ सांगितलं तर ती घरीच बसेल. देवळापर्यंत जाऊन ये, एवढं सांगितलं तर ती उठेल, आणि तेवढ्यानेही तिचं भलं होईल.

सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना हे फार आधी उमगलं होतं. १८६८ ते १९५१ असं त्यांचं आयुष्य. ते स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले आणि १९३८ साली त्यांचं ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे इंग्रजी पुस्तक निघालं. सक्तीबद्दल मतभेद असू शकतात. त्यांची व्यवस्था मात्र शिकण्यासारखी आहे. सूर्यनमस्काराला साधन लागत नाही, सतरंजीएवढी जागा पुरते, शाळेच्या दिवसात त्याची वेळ ठरलेली होती, सगळा वर्ग सोबत होता आणि राजा स्वतः करत होता. घरातल्या मोठ्यांनी हातातला मोबाइल न ठेवता मुलांना ‘खेळायला जा’ म्हणणं आणि राजाने स्वतः जमिनीला कपाळ लावणं, यात मुलं कशाचं अनुकरण करतील हे सांगायला नको.

ताटाची डावी बाजू

दिवाळीचा हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा घरात चिवडा, शेव, चकल्या, कडबोळी यांचे डबे भरलेले असतील. म्हणून मिठाबद्दल आत्ताच बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली राष्ट्रीय पोषण संस्था दोघीही प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको म्हणतात. ते सपाट चमचाभर झालं. भारतीय माणसाच्या पोटात सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास जातं. मीठ वाढलं की रक्तातलं पाणी वाढतं, रक्तदाब चढतो आणि पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार यांना वाट मिळते.

मराठी ताटात मीठ सर्वांत आधी वाढलं जातं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, पापड. भाजी-आमटीतलं मीठ सोडून हे सगळं वरचं. आता त्यात फरसाण, पाकिटातले वेफर, झटपट नूडल्स, बेकरीचे पदार्थ यांची भर पडली आहे, आणि त्यांतलं मीठ जिभेला तेवढं जाणवतही नाही. ‘आजपासून अळणी’ हा हुकूम घरात दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी ज्याला रक्तदाब आहे त्याच्यासाठी वेगळी भाजी काढली जाते, पंगतीत तो एकटा पडतो आणि चौथ्या दिवशी लोणच्याची बरणी पुन्हा पुढे येते.

जीभ मात्र शिकते. मीठ थोडं थोडं कमी केलं तर काही आठवड्यांत तीच चव पुरेशी वाटू लागते, आधीचं खारट लागतं. ब्रिटनमध्ये २००१ ते २०११ या काळात बाजारातल्या पावातलं मीठ हळूहळू सुमारे वीस टक्क्यांनी उतरवलं गेलं आणि गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेला आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आणखी बोलका आहे. निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं. कुणाला पदार्थ बदलायला सांगितलं नाही. पाच वर्षांत तिथे पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिलं. असं मीठ मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किंवा काही विशिष्ट औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. दोन्ही उदाहरणांत बदल माणसाच्या निर्धारावर सोपवलेला नव्हता, तो पावात आणि मिठाच्या पुडीत करून ठेवलेला होता. आपल्या घरातही हे जमतं. सगळ्यांच्याच भाजीतलं मीठ उतरवायचं, मीठ आणि लोणचं ताटात आपणहून न वाढता मागितल्यावर द्यायचं, पापड सणावारी भाजायचा, चिवड्यात मीठ बेतानं घालून लिंबू, कढीपत्ता, कोथिंबीर, भाजलेले तीळ यांचा हात सैल सोडायचा.

गोळी सुटत नाही म्हणून

सर्वांत नावडती सवय कुठली असं विचारलं तर सरकारी दवाखान्यातली परिचारिका बहुधा एकच उत्तर देईल: रोजची गोळी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. त्यानुसार देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे आणि १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. यांतल्या पुष्कळांना आपल्याला आजार आहे याचीच कल्पना नसते. ज्यांना असते त्यांतले अनेक जण गोळी सुरू करतात आणि सोडून देतात.

त्यांची कारणं ऐकून घेण्यासारखी आहेत. ‘मला काही त्रासच होत नाही.’ ‘बीपी नॉर्मल आला, मग आता कशाला?’ ‘गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही, सवय लागते.’ शेवटचं वाक्य महाराष्ट्रात घरोघर ऐकू येतं. माणूस आजाराला घाबरत नाही तेवढा आयुष्यभर बांधलं जाण्याला घाबरतो. या भीतीची थट्टा करू नये. शांतपणे सांगावं की रक्तदाब नॉर्मल आला तो गोळीमुळे आला, गोळी बंद केली की तो पुन्हा चढतो, आणि चढतो तेव्हा बहुतेकदा दुखत-खुपत नाही. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं तर डॉक्टर मात्रा कमीही करतात. तो निर्णय डॉक्टरांनी मोजून करायचा असतो. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही.

पण समजूत पटली तरी गोळी मिळायला हवी. तालुक्याच्या दवाखान्यात आठ-दहा दिवसांच्याच गोळ्या मिळत असतील, तिथे जायला दिवसाची मजुरी बुडत असेल आणि वर एसटीचं तिकीट काढावं लागत असेल, तर गोळी चुकणारच. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हीच गाठ सोडवायला घेतली. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे पहिले जिल्हे होते. तिथे केलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. दवाखान्यात कुठल्याही कारणाने आलेल्या तिशीपुढच्या माणसाचा रक्तदाब मोजायचा. मोजक्या, स्वस्त, परिणामकारक औषधांचा ठरलेला क्रम पाळायचा. एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, त्याही शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रात. जो आला नाही त्याला फोन करायचा, आशाताईंनी डोकवायचं. या कामाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. गोळी घेणारी माणसं तीच होती. दवाखाना त्यांच्याजवळ सरकला, म्हणून ती टिकली.

लोहाच्या गोळीची कथा याहून अवघड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. गरोदरपणात १८० दिवस लोह-फॉलिक अॅसिडची गोळी घ्यायची असते. देशभरात ती पूर्ण घेणाऱ्या आया होत्या सुमारे २६ टक्के. मळमळतं, तोंडाला लोखंडासारखी चव येते, शौचाला काळं होतं, पोट जड राहतं. हे त्रास खरे आहेत आणि गोळी हातावर ठेवतानाच ते सांगायला हवेत. काळी शौच पाहून घाबरलेली मुलगी पुढची गोळी फेकून देते. आधीच कुणी सांगितलं असतं तर ती घाबरली नसती. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी जाणवते. चहासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही, म्हणून गोळी आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर हवं. लिंबू, आवळा, पेरू सोबत असला तर लोह चांगलं शोषलं जातं. हे सगळं त्या बाईला एकटीला सांगून भागत नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवणारी आणि चहावर भूक मारणारी सून ही गोळी कशी पचवेल? तिच्यासोबत सासूला आणि नवऱ्याला बसवून बोलणाऱ्या आशाताईंना हे पक्कं ठाऊक असतं. तिने सगळ्यांसोबत पानावर बसायचं हे घरात ठरलं, की गोळीची अर्धी अडचण तिथेच सुटते.

कुणी काय करायचं

नव्या वर्षाचे संकल्प आपण एकेकट्याने करतो, म्हणून ते एकेकट्याने मोडतात. या दिवाळीत घराने मिळून बसावं आणि प्रत्येकाला विचारावं, तुझं कुठे अडतंय? उत्तरं ऐकून आधी अडचण दूर करावी, मग सवयीची अपेक्षा धरावी. आईला सकाळी चालायला जायचं असेल तर सकाळचा डबा दुसऱ्या कुणीतरी करावा. आजोबांची गोळी चुकत असेल तर ती न्याहारीच्या ताटलीशेजारी ठेवावी आणि शेवटची पट्टी सुरू होताच नवी आणावी. मुलांनी रात्री दात घासायला हवे असतील तर बाबांनीही त्यांच्याबरोबर ब्रश हातात घ्यावा. एका वेळी एकच सवय धरावी, ती रोजच्या एखाद्या प्रसंगाला बांधावी, दोन-तीन महिने द्यावेत आणि मधला एखादा दिवस चुकला तर बोलणी न लावता दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवावी.

घराबाहेरची कामं मात्र मागून घ्यावी लागतील. प्रत्येक एसटी स्थानकावर, मंडईत, बांधकामावर आणि ऊसतोडीच्या फडावर बायकांसाठी कडी, पाणी आणि दिवा असलेलं मोफत स्वच्छतागृह. प्रत्येक दुकानात, कारखान्यात काम करणाऱ्यांना पाणी प्यायला आणि लघवीला जायला हक्काची सुट्टी. प्रत्येक प्रभागात म्हाताऱ्या माणसाला न अडखळता चालता येईल असा पदपथ. प्रत्येक उपकेंद्रात महिनाभराच्या गोळ्या. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना हे प्रश्न विचारायला हवेत. रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन वर्तमानपत्रात छापून येतं, मुतारीच्या दाराला बसवलेल्या कडीची बातमी होत नाही. पण माणसं आजारी पडण्याआधी त्यांना वाचवायचं काम त्या कडीपासून सुरू होतं, आणि ते करून घेणं आपल्या हातात आहे.